कॅमेरा खिशात, क्लिप कुठे?

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं, की कपाटात पडलेला जुना खिशातला व्हिडिओ कॅमेरा भंगारवाल्याला देऊ नका, त्यातल्या क्लिप अजून जिवंत असतील. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा रकाना त्यालाच देतेय. बहुतेक पत्रं फ्लिप कॅमेऱ्याबद्दल आहेत, आणि ते साहजिकच आहे. २००७ ते २०११ या काळात अमेरिकेहून गणपतीला किंवा मे महिन्यात घरी येणाऱ्या भाच्या-पुतण्यांच्या बॅगेत चॉकलेटांच्या शेजारी हमखास हाच असायचा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आकार साध्या मोबाइलएवढा. पाठीला इवलासा पडदा, त्याखाली ठळक लाल बटण. ते दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. बाजूची कळ सरकवली की यूएसबीचा दांडा टपकन बाहेर येतो आणि कॅमेरा थेट कॉम्प्युटरला लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्युअर डिजिटल कंपनीने तो काढला. २००९ मध्ये सिस्कोने ती कंपनी सुमारे ५९ कोटी डॉलरला घेतली आणि एप्रिल २०११ मध्ये फ्लिपचा कारभारच गुंडाळला. तोवर मोबाइलमध्ये बरा व्हिडिओ येऊ लागला होता. पण मेमरीतल्या फाइलला कंपनी बंद पडल्याचं कळत नाही. ती आहे तिथेच बसलेली असते.

प्रश्न: ताई, फ्लिप अल्ट्रा एचडी नव्या लॅपटॉपला लावला. आधी सॉफ्टवेअर बसवा म्हणतो आणि बसवायला गेलं की काहीच होत नाही. फ्लिपशेअर आता कुठे मिळेल? एका ठिकाणी पैसे भरून डाउनलोड करा असं दाखवतात. (शिक्षक, देवगड)

उत्तर: पैसे भरू नका. फुकट म्हणाले तरी भलत्या ठिकाणाहून उतरवूही नका. फ्लिपशेअर हे सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्याच मेमरीत भरून यायचं. कॅमेरा लावला की ते आपसूक वर यायचं, सीडी शोधायला नको. त्या काळी आमच्याकडे नेट म्हणजे एसटीसारखं, येईल तेव्हा येईल, त्यामुळे ही सोय फार मोठी वाटली होती. पण त्यातून क्लिप इंटरनेटवर पाठवायची जी सेवा होती ती २०१३ अखेर बंद झाली, आणि तेव्हाचं सॉफ्टवेअर आजच्या विंडोजवर रुसणारच.

तुम्हाला त्याची गरजच नाही. कॉम्प्युटरच्या दृष्टीने हा कॅमेरा म्हणजे एक पेनड्राइव्ह. सॉफ्टवेअर बसवायची सूचना आली की ती चौकट बंद करा. ‘धिस पीसी’ उघडा, तिथे कॅमेऱ्याचा ड्राइव्ह दिसेल. त्यात ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर, त्याच्या पोटात क्लिप ठेवलेला दुसरा फोल्डर. सगळं निवडा, कॉपी करा, आपल्या कॉम्प्युटरवर पेस्ट करा. ‘कट’ करू नका. मध्येच वीज गेली तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे होतं, आणि आपल्याकडे वीज कधी जाते ते तुम्हाला मी सांगायला नको. कॉपी झालेली प्रत्येक क्लिप उघडून शेवटापर्यंत ओढून पाहा, मगच कॅमेऱ्यातली पुसा.

जागेचा अंदाज हवा तर: ८ जीबीच्या अल्ट्रा एचडीत २ तास मावायचे, म्हणजे मिनिटाला साधारण ६७ एमबी. भरलेला कॅमेरा उतरायला वेळ लागतो, चहा टाका.

ड्राइव्ह दिसलाच नाही तर बॅटरी पूर्ण उतरलेली असू शकते. अर्धा तास तसाच लावून ठेवा. आणि तो दांडा लॅपटॉपला लोंबकळत ठेवू नका, बिजागरी तिथेच सैल होते. यूएसबीची एक्स्टेन्शन केबल घ्या, कॅमेरा टेबलावर आडवा ठेवा.

प्रश्न: आमचा फ्लिप एचडीच्या आधीचा आहे. क्लिप उतरवल्या, पण चित्र काळं आणि नुसता आवाज. (औषध दुकानदार, सावंतवाडी)

उत्तर: ‘व्हीएलसी’ नावाचं व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर घाला. फुकट आहे आणि जुन्या फ्लिपच्या ‘एव्हीआय’ फाइल मुकाट वाजवतं. चित्र ६४० बाय ४८० चं आहे, मोठ्या टीव्हीवर दाणेदार दिसणारच. ते ताणून ‘एचडी’ करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

प्रश्न: जुन्या डेस्कटॉपवर फ्लिपशेअरमध्ये मुलीच्या लहानपणीच्या क्लिप होत्या. आता ते उघडतच नाही. कॅमेऱ्यातून तर केव्हाच पुसल्या. गेल्या का? (गृहिणी, चिपळूण)

उत्तर: डेस्कटॉप चालू होत असेल तर बहुधा नाहीत. फ्लिपशेअर क्लिप कॉम्प्युटरवर घ्यायचं तेव्हा स्वतःच्या फोल्डरमध्ये घ्यायचं, आणि आपल्याला दाखवायचं फक्त देखणं चित्र. त्यामुळे लोकांना वाटायचं की क्लिप ‘सॉफ्टवेअरमध्ये’ आहेत. त्या डिस्कवरच असतात. ‘फ्लिपशेअर डेटा’ नावाचा फोल्डर शोधा. नाही सापडला तर अख्ख्या सी ड्राइव्हवर ‘एमपी४’ फाइलींचा शोध लावा आणि आकारानुसार रांगेत लावा, मोठ्या फाइली वर येतील. नावं ओळखीची नसतील, घाबरू नका. अख्खा फोल्डर आहे तसा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, मग निवांत एकेक उघडून नाव द्या.

नाव देताना तारीख आधी, वर्षापासून: ‘२०११-०९-०१ गणपती आगमन’. असं केलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. ‘बाप्पा नवीन फायनल’ असल्या नावांनी पुढच्या पिढीला काही कळत नाही. आणि कॅमेऱ्याच्या घड्याळावर विश्वास ठेवू नका. बॅटरी उतरली की तारीख मूळपदावर जाते, मग पोरगी जन्माआधीच रांगताना दिसते.

तुम्ही चिपळूणच्या म्हणून मुद्दाम लिहिते. जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठेतली आणि घरांतली किती हार्ड डिस्क चिखलात गेली ते तुम्ही पाहिलंच असेल. एक प्रत घरात माळ्यावर, दुसरी दुसऱ्या गावात, मुंबईच्या नातेवाइकाकडे दिली तरी चालेल. दोन्ही प्रती एकाच कपाटात असतील तर ती एकच प्रत समजा. आणि ज्यांची डिस्क पाण्यात गेलेली आहे त्यांनी ती वाळवून ‘बघू चालते का’ करू नये. चिखलासकट वीज दिली की आतली तबकडी खरवडली जाते. तशीच डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

प्रश्न: बाय, चेडवान माका फ्लिप कॅमेरो दिल्यान. रापणीचो व्हिडिओ काढलंय तर नुसतो घुंऽऽ घुंऽऽ आवाज येता. माणसां काय बोलतत ता आयकाक येणा नाय. कॅमेऱ्याचो कान फुटलो काय? (रापणकार, देवबाग)

उत्तर: कान बरो आसा, काका. वाऱ्यान दगो दिल्यान. बाकीच्या वाचकांसाठी आता जरा पुस्तकी बोलते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, आणि चेडू म्हणजे मुलगी.

या कॅमेऱ्यांचा माइक म्हणजे पुढच्या अंगाला टाचणीएवढं भोक. त्यावर ना स्पंज, ना जाळी. वारा थेट त्यात घुसला की तो घोंघाट माणसांचा आवाज गिळून टाकतो. उपाय कॅमेऱ्यात नाही, तुम्ही कुठे आणि किती वाजता उभे राहता त्यात आहे. आणि हे काकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, फक्त कॅमेऱ्याशी जोडून पाहिलं नाही इतकंच.

पहाटेपासून सकाळी उशिरापर्यंत मतलई वारा असतो, जमिनीवरून दर्याकडे. तुम्ही किनाऱ्यावर दर्याकडे तोंड करून उभे राहिलात की वारा पाठीवर येतो आणि तुमचं अंगच माइकला आडोसा देतं. सूर्यही पाठीमागून, पूर्वेकडून, म्हणजे ओढणाऱ्यांच्या तोंडावर उजेड. दुपारनंतर खारा वारा सुटला की दोन्ही उलटं: वारा सरळ भोकात, आणि उतरता सूर्य सरळ लेन्समध्ये. मग माणसं काळ्या बाहुल्या दिसतात. रापण दुपारी लागली असेल तर दर्याकडे पाठ करा, गुडघाभर पाण्याच्या अलीकडे उभं राहून गावाच्या बाजूला कॅमेरा धरा. लाटेकडे लक्ष ठेवायला दुसरा माणूस उभा करा.

भांडी घासायच्या स्पंजचा मऊ भाग नखाएवढा कापून माइकच्या भोकावर चिकटपट्टीने लावा. लेन्सवर यायला नको. याने घोंघाट पूर्ण जात नाही, पण बोलणं वर येतं.

आणि जवळ जा. ही सगळ्यात मोठी गोष्ट. लोक वाळूत लांब उभे राहतात आणि झूमचं बटण दाबतात. फ्लिपचा झूम खोटा आहे. लेन्स हलत नाही, फक्त मधला तुकडा कापून मोठा करून दाखवतो. दुप्पट झूम म्हणजे १२८० बाय ७२० मधलं निम्मं रुंद, निम्मं उंच, अर्थात पाव चित्र उरतं. आवाज तर झूम होतच नाही. तेव्हा चार पावलं चालून पुढे जा. दोरी ओढताना टाचा वाळूत रुततात तो करकर आवाज, जाळं उथळ पाण्यात आल्यावर बांगडा माशांची फडफड, म्होरक्याचा आवाज चढतो तो, हे पाच-सहा फुटांवरूनच मिळतं. त्याहून फार जवळही नको. या कॅमेऱ्याचा फोकस कारखान्यातच कायमचा बसवलेला आहे, हातभर अंतरावर धरलेला मासा धूसर येतो. मासा दाखवायचाच असेल तर दुसऱ्याच्या हातात द्या आणि तुम्ही मागे सरका.

काढून झालेल्या क्लिपमधला घोंघाट थोडा कमी करता येतो. ‘शॉटकट’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाजासाठी ‘हाय पास’ फिल्टर आहे, तो खालचा घुमणारा आवाज गाळतो. १०० ते १५० हर्ट्झवर ठेवून ऐका. फार वर नेलं तर माणसं डब्यातून बोलल्यासारखी वाटतात. चेडवाक सांगा, ती करून देईल.

प्रश्न: अमेरिकेतल्या मुलासाठी नातवाच्या मुंजीच्या फ्लिप क्लिप जोडून एक छान फिल्म केली, मूव्ही मेकरमध्ये. ईमेलने पाठवली. तो म्हणतो उघडतच नाही. आता माझ्याकडेही नुसत्या पिवळ्या त्रिकोणी खुणा दिसतात. (निवृत्त बँक कर्मचारी, वेंगुर्ले)

उत्तर: काका, ईमेलने गेली म्हणजे ती फिल्म नव्हतीच. तुम्ही पाठवलात तो ‘प्रोजेक्ट’. त्यात व्हिडिओ नसतो, फक्त यादी असते: अमुक फोल्डरमधली अमुक क्लिप इथून इथपर्यंत, मग तमुक, वर हे शीर्षक. मुलाकडे त्या क्लिपच नाहीत तर यादी घेऊन तो काय करणार? आणि तुमच्याकडे पिवळा त्रिकोण आला, कारण मध्यंतरी तुम्ही क्लिप एका फोल्डरमधून दुसरीकडे हलवल्यात. यादीतला पत्ता चुकला. त्या क्लिप जुन्या जागी परत ठेवा, त्रिकोण जातील. मग ‘सेव्ह मूव्ही’ करा. त्यातून जी मोठी फाइल निघेल, काहीशे एमबीची, ती खरी फिल्म. ती ईमेलने जाणार नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर ‘व्हिडिओ’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत चालते. व्हिडिओ म्हणून पाठवलीत तर व्हॉट्सअॅप ती दाबून चेपून पाठवतं आणि मुंजमुलाचं नाक दिसत नाही.

मायक्रोसॉफ्टने मूव्ही मेकर जानेवारी २०१७ मध्ये बंद केलं. तुमच्या कॉम्प्युटरवर चालतंय तोवर ही फिल्म बाहेर काढून घ्या. पुढचं काम शॉटकटमध्ये करा, किंवा विंडोज ११ असेल तर त्यातल्या क्लिपचँपमध्ये. तिथेही हाच नियम: प्रोजेक्ट वेगळा, ‘एक्स्पोर्ट’ केलेली फाइल वेगळी. आणि फिल्म तयार झाली म्हणून मूळ क्लिप पुसू नका. आज कंटाळवाणी म्हणून कापलेली पंगतीतली पाच मिनिटं उद्या त्यातल्या एखाद्या माणसासाठी शोधत बसाल.

प्रश्न: आमच्या देवळाच्या जत्रेत दशावतार फ्लिपवर काढला. राजाचं तोंड पांढरंफटक येतं आणि सगळ्या चित्रावरून काळसर पट्टे सरकत राहतात. यूट्यूबवर टाकायचा आहे, दुरुस्त कसा करू? (कॉलेज विद्यार्थी, कुडाळ तालुका)

उत्तर: दोन वेगळे आजार आहेत, दोन्हींचं मूळ उजेडात.

तोंड पांढरं होतं ते अंधारामुळे. जत्रेतला रंगमंच केवढासा असतो! मागे पडदा, मध्ये सिंहासन म्हणून मांडलेलं बाकडं, एका अंगाला पायपेटी, मृदंग, झांजा. तेवढ्या तुकड्यावर झगझगीत हॅलोजन, बाकी सगळीकडे काळोख. तू लांबून काढलंस की चित्रात तीन भाग काळोख येतो. कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, तो सगळंच उजळवतो, आणि आधीच मुरदाडशिंग, म्हणजे रंगभूषेची भुकटी, फासलेला चेहरा जळून जातो. फ्लिपमध्ये उजेड हाताने कमी-जास्त करायची सोय नाही. म्हणून चित्र रंगमंचाने भरून टाक. पुढे जाऊन बस, पोरांच्या रांगेत. काळोख चित्रातून गेला की चेहरा जागेवर येतो. जळालेला चेहरा मात्र नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही, तिथे माहितीच उरलेली नसते.

पट्टे येतात ते ट्यूबलाइटमुळे, किंवा स्वस्त एलईडीमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फ्लिप सेकंदाला ३० चित्रं घेतो, कारण तो अमेरिकेच्या ६० हर्ट्झच्या घरात वाढलेला. १०० ला ३० ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून प्रत्येक चित्रात लुकलुक वेगळ्या जागी पडते आणि पट्टा सरकताना दिसतो. हॅलोजनमध्ये तार तापून लाल असते, ती इतक्या झटपट थंड होत नाही, त्यामुळे तिथे त्रास कमी. देवस्थानच्या माणसांना विनंती करून रंगमंचावरच्या ट्यूब तेवढ्या बंद करता आल्या तर बघ. नाहीतर मोबाइलने काढ आणि सेकंदाला २५ चित्रं, शटर एक पन्नासांश, असं जिथे ठरवता येतं असं अॅप वापर. तिथे फ्लिपचा हट्ट धरू नकोस.

आवाजासाठी लाउडस्पीकरच्या कर्ण्यासमोर बसू नकोस, चरचरीत येतो. पायपेटीच्या बाजूला, पण मृदंगापासून जरा हटून.

आता यूट्यूबचं. दशावतारी मंडळाच्या मालकाला विचारलंस का? तुझ्या पत्रात तसं काही दिसलं नाही. तुळशीचं लग्न झालं की जत्रांचा हंगाम सुरू होतो, आणि मंडळाचं वर्षाचं गणित त्या हंगामातल्या रात्रींवर असतं. आख्यान पहाटेपर्यंत चालतं, ते अख्खं फुकट घरबसल्या दिसलं तर पुढच्या गावच्या जत्रेत पुढ्यात बसायला कोण येणार, असं त्यांना वाटलं तर चूक नाही. काही मालक आनंदाने हो म्हणतात, उलट फोन नंबर टाक म्हणतात. काही म्हणतात फक्त सुरुवातीचं गणपतीचं आणि संकासुराचं टाक, आख्यान नको. जे म्हणतील ते ऐक. आणि पडद्यामागे रंगपटात, बाप्ये लुगडं नेसत असताना कॅमेरा घेऊन घुसू नकोस. विचारून बोलावलं तर वेगळं.

प्रश्न: कॅमेऱ्यात साधे पेन्सिल सेल घालून ठेवले होते. आता उघडला तर आत पांढरी भुकटी. (आंबा बागायतदार, राजापूर)

उत्तर: सेल पाझरलेत. अल्कलाइन सेलमधून निघतं ते क्षारयुक्त असतं, म्हणून पुसायला सौम्य आंबट काहीतरी हवं. सेल काढून टाका, हाताला लावू नका. कान साफ करायची कापसाची काडी व्हिनेगरच्या किंवा लिंबाच्या रसाच्या थेंबात बुडवून पत्र्या पुसा, मग किंचित पाण्याने, मग कोरडी काडी. कोकमाचं आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं, पत्र्या आणखी गंजतील. (हे विचारणारं एक पत्र खरंच आलंय.) वाळल्यावर चार्ज होणारे निकेल सेल घाला. साधे सेल घालून चार्ज करायला लावू नका, ते त्यासाठी नसतात. आणि वापरत नसाल तेव्हा सेल बाहेर.

ज्यांच्याकडे फ्लिप मिनो आहे त्यांची बॅटरी आतच असते. कॅमेऱ्याचं पोट फुगल्यासारखं दिसलं तर चार्जिंगला लावूच नका.

प्रश्न: पावसाळ्यात लेन्सवर आतून बुरशी आली. तांदळाच्या डब्यात ठेवू का? (वाचक, दापोली)

उत्तर: नको. तांदळाचा भुगा यूएसबीच्या खाचेत जातो आणि तांदूळ ओलावा फारसा ओढत नाहीत. रबरी कडेचा घट्ट डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की ते भिजले, मंद आचेवर कोरड्या तव्यात परतून घेतले की पुन्हा निळे होतात. खाण्याच्या भांड्यात नाही, जुन्या तव्यात. आत आलेली बुरशी घरी काढायला जाऊ नका. ती बारीक असेल तर चित्रात दिसतही नाही, सूर्याकडे धरलात तरच धुकं येतं. समुद्रावरून आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्याने किंचित ओलवलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. खारा थर तसाच राहिला तर कळ आणि दांडा आखडतात. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या बाहेर काढू नका, पिशवीतच दहा मिनिटं राहू द्या, लेन्सवर दव धरतं.

प्रश्न: वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना काढायची आहेत. फ्लिपला दिवा नाही, मोबाइलची बॅटरी मारली तर चालेल का? (विद्यार्थिनी, मंडणगड)

उत्तर: मुळीच नाही. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. मोकळ्या किनाऱ्यावर दर्याकडचं क्षितिज उजळ असतं, त्यावर ती वाट काढतात. तू दिवा लावलास तर ती तुझ्याकडे वळतील. वेळासला सह्याद्री निसर्गमित्रच्या मंडळींनी २००२ पासून घरटी राखायला सुरुवात केली, आता गावकरी आणि वनखातं मिळून हे पाहतात. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, तेव्हा दिवसाचा उजेड असतो, दिव्याचं कामच नाही. सकाळची वेळ धर, ऊन पाठीमागून येईल. दोरीच्या बाहेर वाळूवर पोट टेकून पड आणि कॅमेरा जमिनीलगत ठेव. पिल्लू तळहाताहून लहान असतं, उभ्याने काढलंस तर वाळूत काळा ठिपका दिसतो. खालून काढलंस तर त्याच्यापुढची लाट डोंगरासारखी येते. पण फोकसचं लक्षात ठेव, अगदी जवळचं धूसर येतं, तेव्हा साधारण दीड मीटर पलीकडची पिल्लं पकड. आणि कॅमेरा हलवू नकोस, पिल्लाला चित्रातून चालत जाऊ दे.

प्रश्न: आजी नव्वदीची आहे. तिच्या जात्यावरच्या ओव्या काढून ठेवायच्या आहेत. मोबाइल समोर धरला की ती गप्प होते. (शिक्षिका, गुहागर)

उत्तर: इथे मला फ्लिप मोबाइलपेक्षा बरा वाटतो, कारण आजीला तो कॅमेरा वाटतच नाही. मोबाइल समोर धरला की तिला वाटतं पलीकडे कुणीतरी बघतंय. हा डबीसारखा पुस्तकांच्या चळतीवर ठेवा, तळाशी स्टँडचा आटा आहे, छोटं तिपाईही लागेल. लाल बटण दाबून तुम्ही तिच्याजवळ जाऊन बसा. कॅमेऱ्यामागे उभ्या राहू नका.

पंखा बंद, फ्रीजचा आवाज येत असेल तर तेवढा वेळ तोही बंद. नंतर चालू करायला विसरू नका. जातं खरंच फिरवायचं असेल तर त्याची घरघर ओव्यांवर चढते. म्हणून आधी एकदा जात्यासकट काढा, मग एकदा नुसत्या ओव्या. कॅमेरा खिडकीकडे पाठ करून, आजीच्या तोंडावर उजेड, अंतर पाच-सहा फूट. त्याहून जवळ ठेवलात तर खुंट्यावरचा तिचा हात, जो तुम्हाला पुढे सगळ्यात जास्त बघावासा वाटेल, तोच धूसर येईल.

ओवी अडली तर लगेच सुचवू नका. ती आठवत असताना जो वेळ जातो तो राहू द्या, कापायला नंतर कधीही येतं. प्रत्येक ओवी संपल्यावर बंद करत बसू नका, बटणाच्या टिचकीने ती थांबेल. तासभर सलग चालू दे, मेमरीत जागा आधीच रिकामी करून ठेवा. आणि संपल्यावर कॅमेऱ्यासमोर तुम्ही स्वतः आजीचं नाव, माहेरचं गाव, ओव्या कुणाकडून शिकली, तारीख, एवढं बोला. फाइलचं नाव हरवलं तरी हे हरवत नाही.

प्रश्न: मॅकवर लावून सगळ्या क्लिप डिलीट केल्या, तरी कॅमेरा ‘भरला’ म्हणतो. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर: मॅकची कचरापेटी कॅमेरा लावलेला असतानाच रिकामी करा. तोवर त्या कॅमेऱ्यातच दडून बसतात. आणि कुणी चुकून पुसल्या असतील तर उलट: कॅमेऱ्यात पुढचं काहीच काढू नका, ‘फोटोरेक’ नावाचं फुकट साधन लावा, आणि मिळालेल्या फाइली कॅमेऱ्यावर नाही, कॉम्प्युटरवर उतरवा.

प्रश्न: असा एक कॅमेरा जुन्या वस्तूंमध्ये विकायला आहे. घेऊ का? (रिक्षाचालक, कणकवली)

उत्तर: नको. तुमच्या मोबाइलचा कॅमेरा त्याहून चांगला असणार. घरात असेल तो वापरावा, विकत घेऊ नये. त्या पैशात एक बाहेरची हार्ड डिस्क बघा, आणि मोबाइलमध्ये जे आहे ते आज रात्री तिच्यावर उतरवा.